शिळं पाणी

फायटर मासा झोपतो तेव्हा मेल्यासारखा दिसतो. कोणी आधी सांगितलं असतं तर माझी एक सकाळ वाचली असती. टाकीच्या तळाशी तो आडवा पडला होता, निळे पर वाळूवर पसरून, आणि मी दुधाची पिशवी हातात धरून समोर उभी होते. आतल्या खोलीत नवरा झोपला होता. आता आत जाऊन त्याच्याकडे बघायचं कसं, एवढंच माझ्या मनात आलं. मग माशाने कल्ले हलवले, सावकाश वर आला आणि काचेपाशी थांबला, मीच त्याची झोपमोड केल्यासारखा. त्यानंतर मी आत गेले. तिथेही छाती वरखाली होत होती. मी दूध तापत ठेवलं.

नवऱ्याला मी 'अहो' म्हणते आणि चारचौघांत 'हे'. इथेही तसंच लिहिते, या वयात सवय मोडत नाही. यांना उन्हाळ्यात हार्ट अटॅक आला. ऑपरेशन झालं, घरी आले, आणि हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. आधी हा माणूस पहाटे टेकडीवर जायचा, आल्यावर पेपरातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवायचा आणि शेजाऱ्यांच्या गाड्या कशा वाकड्या लावल्यात ते सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगायचा. आता कोणी दारात आडवी गाडी लावली तरी एक शब्द नाही. जेवताना दोन घास घेऊन ताट सरकवायचं. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं काम आम्ही केलं. आता माणूस उठला पाहिजे. उठला नाही तर मात्र अवघड आहे." अवघड म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

आमची मुलगी बंगळूरहून महिनाभर येऊन राहिली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी ती हा मासा घेऊन आली. दुकानात म्हणे एकेक मासा एकेका बरणीत ठेवलेला असतो आणि दोन बरण्यांच्या मधे पुठ्ठा, कारण एकमेकांना दिसले की ते भांडायला उठतात. तिने टाकी शोकेसवर मांडली, त्यात बदामाच्या झाडाचं एक वाळकं पान टाकलं आणि म्हणाली, "बाबा, याच्याकडे लक्ष द्यायचं." हे म्हणाले, "एकटा राहणारा, चिडका, कोणाशी पटत नाही. पुण्यातलाच दिसतोय." आजारपणानंतरचं त्यांचं तेवढं एकच लांब वाक्य. लेक हसली आणि मग आत जाऊन रडली.

त्या दिवसापासून यांनी एक नियम धरला. माशाला आधी द्यायचं, मग आपण जेवायचं. बारीक गोळ्या असतात, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, त्या चिमटीने पाण्यावर सोडायच्या. त्याने झडप घातली की हे म्हणायचे, "वाढ." एखाद्या दिवशी माशाने गोळी तोंडात घेऊन थुंकली की यांचं ताट तसंच परत. दुसरी भाजी करू का, भात मऊ करू का, काही विचारून उपयोग नाही. "त्याला नाही जात, मला कुठून जाणार?" एवढंच. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, ग्रहणात पोरींना अंगणात नेऊन डबे खायला लावले. तीच मी रोज सकाळी देवासमोर उभी राहून एका माशाला भूक लागू दे म्हणत होते. लाज वाटायची, पण भीती जास्त वाटायची.

भीतीला वाचन पुरवू नये. मी फोनवर माशांचे रोग वाचायला लागले आणि स्वतःचीच झोप घालवून बसले. परांच्या कडा झडतात तो एक रोग. अंगावर पांढरे ठिपके येतात तो दुसरा. सगळ्यात वाईट तो, ज्यात पोट फुगतं आणि खवले उभे राहतात. तसं दिसलं की फार काही करता येत नाही. म्हणून रोज वरून वाकून त्याचे खवले बघायचे. यांनी दाढी करणं सोडलं होतं, तेव्हा त्यांचा दाढीचा आरसा मी काचेला लावायची. त्यात स्वतःला बघून मासा कल्ले फुलवायचा, पर ताणायचा, अंगावर धावून जायचा. तेवढा राग त्याच्यात आहे म्हणजे तो बरा आहे, असा माझा हिशोब. फायटर दोन-तीन वर्षं जगतो हेही मी वाचलं होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

राहिलं पाणी. नळाच्या पाण्यातल्या औषधाने मासा मरतो, म्हणून पाणी एक दिवस भरून उघडं ठेवायचं, वास उडाला की मग वापरायचं, असं लेकीने बजावलं होतं. औषध मारणारे थेंबही तिने दिले होते. ते संपले तरी मी नवे आणले नव्हते, शिळ्या पाण्यावर छान चाललं होतं. गॅलरीत एक निळी बादली मी त्यासाठीच ठेवली होती. पाणी बदलताना मासा श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात काढावा लागायचा आणि त्या डब्यात तो वेड्यासारखा धडका मारायचा. यांना ते बघवायचं नाही, म्हणून हे आंघोळीला गेले की मी सगळं उरकून टाकायची. निळ्या बादलीत पाणी का साठवलेलं असतं, ते यांना माहीतच नव्हतं.

आमच्याकडे कधीमधी गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी, कमी दाबाने येतं. तशी बातमी आली की बुधवारी संध्याकाळी अख्खी सोसायटी बादल्या, पिंपं, पातेली भरून ठेवते. त्या गुरुवारी सोसायटीने पाणी नाहीच तर गच्चीवरची टाकी धुऊन घेतली आणि नंतर ब्लिचिंग पावडर टाकली. शुक्रवारी मी सकाळी लवकरच मंडईत गेले होते. यांना एकटं सोडून इतकं लांब मी आजारपणानंतर पहिल्यांदाच जात होते. भाजी आमच्या कोथरूडलाही मिळते. पण घरातल्या त्या शांततेत माझा जीव गुदमरायला लागला होता, म्हणून गेले. शेपू घेतला आणि घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. भाजीवाली म्हणाली, "ताई, मटार राहिला की तुमचा." मी मटार तिथेच ठेवून रिक्षात बसले. रस्ताभर फोन लावत होते आणि डोळ्यांसमोर ती वेताची खुर्ची होती. तिच्यात हे कसे बसलेले असतील, मान कुठल्या बाजूला असेल, याच्यापुढे विचार जात नव्हता.

दार उघडलं तर खुर्ची रिकामी. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. मी चप्पल न काढता धावले. आत हे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते, बनियन भिजलेलं, हातात घासणी. मोरीत, ओट्याखाली, गॅलरीत, घरातली झाडून सगळी भांडी घासून चकचकीत आणि नव्या पाण्याने काठोकाठ भरलेली. पिण्याच्या पाण्याचा स्टीलचा फिल्टरसुद्धा घासून ओट्यावर पालथा घातला होता.

"अगं, पाणी आलं," हे म्हणाले. "कालचं, परवाचं, सगळं शिळं ओतून दिलं. ताजं भरलं. आई रोज हेच करायची, नळ आला की आधी शिळं बाहेर. तू काय बादल्या भरून ठेवतेस नुसत्या." आणि मग हसून, खरंच हसून, "तुझ्या माशालाही ताजं दिलं. टाकी घासली. आत काय तो पाचोळा साठवला होतास, फेकून दिला."

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत वाढलेला हा माणूस. तिथे शिळं पाणी घरात ठेवणं म्हणजे केर न काढता बसण्यासारखं. आजारपणानंतर तो पहिल्यांदा आपणहून उठला होता, आणि उठून त्याने घरातलं सगळ्यात चांगलं काम केलं होतं. घरभर ब्लिचिंगचा वास भरला होता.

"बरं केलंत," मी म्हणाले. "आता आंघोळ करून घ्या, भिजलात." त्यांनी दार लावल्यावर मी टाकीपाशी गेले.

मासा पाण्याच्या वरच्या थराला टेकून तिरपा तरंगत होता. पर अंगाला चिकटलेले, निळा रंग उतरून राखाडी झालेला. तोंड उघडायचा, मिटायचा, उघडायचा. मी बादल्या पाहिल्या, पिंप पाहिलं, फुलदाणीसुद्धा पाहिली. ती पण धुतलेली. सगळ्या घरात मिळून एक वाटी शिळं पाणी नव्हतं. दुकान इतक्या सकाळी उघडत नाही. मासा मेला तर वाईट होतंच. पण तो कशाने मेला हे यांना कळलं, की इतक्या महिन्यांनी उठून केलेल्या पहिल्या कामाने त्याला मारलं, तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीतून उठणार नाही, याची मला खात्री होती.

कळशी घेऊन मी समोरचं दार वाजवलं. शेजारीण म्हणाली, "शिळं पाणी? अहो, आत्ताच ओतलं झाडांना. ताजं देते की, हवं तेवढं न्या." वरच्या मजल्यावरचे आजोबा पेपर हातात घेऊन दारात आले, चष्म्यावरून कळशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शुक्रवारी शिळं पाणी मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. आमच्याकडे कालचा पेपर आहे, चालेल?" एरवी मी सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी मी तशीच जिना उतरले. प्रत्येक घराने सकाळी उठून आपापलं पाणी ओतलं होतं. चांगली घरं अशीच असतात, आणि मला तळतळून प्रत्येकाचा राग येत होता. एकीने प्युरिफायरचं पाणी देऊ केलं, पण ते द्यायचं नाही असं दुकानदाराने लेकीला बजावलं होतं.

तळमजल्यावर भाई राहतात. पेठेत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आता बंद केलंय. यांच्याबरोबर टेकडीवर जाणारे तेच. त्यांची बायको, आमची भाभी, नळाला पाणी आलं की जिन्यात उभी राहून सगळ्यांना हाक मारायची, "उठा गं, पाणी आलं." पावसाळ्याच्या सुरुवातीला ती गेली. हे त्या वेळी इतके अशक्त होते की खाली जाऊन भेटूही शकले नाहीत, आणि नंतर गेलेच नाहीत. भाईही वर आले नाहीत. सोबती असे दोन मजल्यांवर, आपापल्या खुर्चीत.

दार बऱ्याच वेळाने उघडलं. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. मी कळशी पुढे करून म्हणाले, "भाई, तुमच्याकडे शिळं पाणी आहे का?"

त्यांनी विचारलं नाही कशाला. "आहे," म्हणाले. "या वहिनी."

स्वयंपाकघरात एक ताट, एक पेला, आणि धूळ बसलेली शेगडी. ओट्याच्या कोपऱ्यात झाकण घातलेलं मोठं पिंप होतं. भाई झाकणावर हात ठेवून थांबले. "हे तिनं भरलेलं आहे. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पाणी बंद होतं ना. मी बाहेरच्या नळावरून आणतो रोज माझ्यापुरतं. हे काढलं नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या पाण्यापेक्षा त्या एका ताटाची मला जास्त भीती वाटली. माझ्या घराचं उद्याचं स्वयंपाकघर मी बघत होते, आणि ते आमच्याच जिन्याखाली होतं. मी म्हणाले, "राहू द्या भाई. मी बघते दुसरीकडे."

"कशाला पाहिजे होतं?"

मी सांगितलं. मासा, ताजं पाणी, हे, सगळं. सांगता सांगता मी रडत होते. मग त्यांनी झाकण काढलं. "उठला म्हणता तो? बादल्या घासल्या?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी तांब्या बुडवला आणि माझी कळशी भरून दिली.

वर आले तेव्हा आंघोळीचा आवाज थांबला होता. श्रीखंडाचा डबा भरला, माशाला जाळीने उचलून त्यात सोडलं. तो बुडाशी गेला आणि आडवा झाला. उजेडात दिसलं की पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. झाकणाच्या फटीतून डास गेले असणार. महानगरपालिकेचा माणूस तपासणीला आला असता तर दारावर नोटीस लावून गेला असता. गाळायला वेळ नव्हता. मी डब्याशेजारी बसले. कल्ले हलत होते की मला तसं वाटत होतं, ते कळत नव्हतं.

"हा बाहेर का काढलास?" हे पंचाने डोकं पुसत मागे उभे होते.

मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. टाकी गळतेय असं सांगायचं होतं. पण तोंडातून खरंच निघालं. ताज्या पाण्यात औषध असतं. त्याला शिळंच लागतं. निळी बादली त्यासाठी होती. मी तुम्हाला सांगितलं नाही.

हे हळूहळू खुर्चीत बसले. महिनोन्महिने बसत होते तसेच, हात मांडीवर टाकून. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस इथून उठत नाही. मग डब्यात बारीकसा खळखळाट झाला. मासा वर आला होता. एक अळी त्याच्या तोंडापुढून गेली, त्याने मान वळवली, पाहिलं, आणि गिळली. मग दुसरी.

"काय खातोय तो?" हे वाकून बघत म्हणाले. "आणि पाणी कुठून आणलंस?"

"भाईंकडून."

"पिंपातलं?"

यांना त्या पिंपाचं माहीत होतं. कधीतरी फोनवर भाईंनी सांगितलं असावं, आणि यांनी मला सांगितलं नव्हतं. लपवाछपवी मी एकटीच करत नव्हते. हे उठले. मोरीतून ताज्या पाण्याची अर्धी कळशी भरून घेतली आणि पायात चपला अडकवल्या. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती, ते मी म्हणायला हवं होतं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि पायऱ्या ऐकत राहिले. मधे आवाज थांबला. मी कठडा धरला. पुन्हा पाऊल वाजलं. खाली कडी निघाली, दार लागलं.

परत आले ते दुपारी. भिजलेले, दमलेले, ओठ थोडे पांढरे पडलेले. "पिंप धुतलं आम्ही दोघांनी," म्हणाले. "तळाचं बादलीभर ठेवलंय त्यानं बाजूला. तिचंच. म्हणाला, माशाला राहू दे." मग खुर्चीत बसले आणि डब्याकडे बोट केलं. "त्याचं झालंय ना? मग वाढ."

मासा जगला. त्याचे पर कडांनी थोडे झडले, ते पुन्हा आले. भाभीच्या बादलीतलं पाणी मी पेला पेला करून टाकीत घालत गेले, ते कधी संपलं ते मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. आता दर शुक्रवारी हे खाली जातात. अजून टेकडीवर नाही, चौकापर्यंत दोघं जातात आणि गाड्या कशा वाकड्या लावल्यात ते बघून येतात.

माझी भीती कमी झाली असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. भाई आता रोज सकाळी जिन्यातून हाक मारतात, भाभी मारायची तिथूनच. "वहिनी, खाल्लं का त्यानं?" मी हो म्हणाले की ते आपला चहा ठेवतात, असं हे सांगतात. आधी त्या माशावर एका माणसाचं जेवण अवलंबून होतं, आता दोघांचं आहे. मासा म्हातारा होत चाललाय. हल्ली बराच वेळ नव्याने टाकलेल्या पानाखाली पडून असतो, आरशात बघून रागावत नाही, गोळी समोर आली तरी कधी कधी तोंड फिरवतो. मी काचेला नाक लावून कल्ले हलायची वाट बघते. मागे हे टॉवेल खांद्यावर टाकून उभे असतात, खालून हाक येते, आणि मी जिन्यात तोंड काढून सांगते, "खाल्लं."

त्याने खाल्लेलं नसलं, तरी सांगते.